शर्ट काढाल तर शर्ती लागू!

गोल झाला! आता काय कराल? पळाल, ओरडाल, गुडघ्यांवर घसराल, कॉर्नर फ्लॅगसमोर नाचाल... थांबा, थांबा! आधी नियम क्रमांक १२ वाचलाय का? गोलचा आनंद किती, कुठे आणि कोणत्या कपड्यांत साजरा करायचा, हे फुटबॉलच्या नियमपुस्तकात चक्क लिहून ठेवलंय. आणि ते मोडणाऱ्यांची रांग लावली, तर ऑटोग्राफ घेता घेता तुमची वही संपेल!

माहीत आहे का, हे नियम एकटी फिफा करत नाही? ते करते 'आयफॅब', म्हणजे इंटरनॅशनल फुटबॉल असोसिएशन बोर्ड. जन्म १८८६. फिफापेक्षा वयानं मोठी! इथं एकूण आठ मतं. चार फिफाची आणि एकेक इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंडची. नियम बदलायला सहा मतं लागतात. म्हणजे रोनाल्डोनं शर्ट अंगावर ठेवायचा की नाही, यात लोकसंख्येनं साधारण पुण्याएवढ्या वेल्सलाही मत आहे. पुणेकरांनो, तुम्हाला नाही. तुमचं मत तुम्ही तसंही देणारच, ते वेगळं.

तर मग काय चालतं आणि काय नाही? नाचलात, चालतं. मैदानाच्या रेषेबाहेर पळालात, तेही चालतं, फक्त लवकर परत या. ठरवून बसवलेला डान्स? बंदी नाही, पण 'प्रोत्साहन नाही'. थोडक्यात, गणपतीच्या मिरवणुकीला पोलिसांनी सांगावं तसं: नाचा, पण पुढे सरकत राहा!

आणि हमखास पिवळं कार्ड कशाला? कुंपणावर चढणं. प्रेक्षकांत असं घुसणं की चेंगराचेंगरीची भीती. समोरच्यांना चिथावणं. तोंडावर मुखवटा. आणि सगळ्यात लाडका गुन्हा म्हणजे शर्ट काढणं, किंवा तोच डोक्यावरून ओढून घेणं.

अंगात आलं, अंगावरून गेलं

शर्ट काढला की पिवळं कार्ड, ही सक्ती २००४ पासूनची. त्याआधी काय धमाल होती, हे दिएगो फोर्लानला विचारा.

नोव्हेंबर २००२. मँचेस्टर युनायटेड विरुद्ध साऊदॅम्प्टन. सामना संपायला पाच मिनिटं असताना फोर्लाननं सणसणीत गोल मारला आणि जर्सी काढून भिरकावत सुटला. इथवर ठीक. पण परत घालताना जर्सीनं असहकार पुकारला! बाही सापडेना, गळा सापडेना. तेवढ्यात खेळ सुरू झाला. मग काय, पठ्ठ्या जर्सी हातात धरून उघड्या अंगानंच धावला आणि चेंडूसाठी झटापटसुद्धा करून आला. गोल कुणाला आठवत नाही, ती धाव सगळ्यांना आठवते.

'आत दुसरा शर्ट घातलेला असला तर?' हा प्रत्येक कट्ट्यावरचा प्रश्न. उत्तर थेट वर्ल्ड कप फायनलमधून घ्या. ११ जुलै २०१०, जोहान्सबर्ग. ११६ व्या मिनिटाला आंद्रेस इनिएस्टानं स्पेनला विश्वविजेता करणारा गोल मारला, जर्सी काढली आणि आतल्या बनियनवर हातानं लिहिलेला मजकूर जगाला दाखवला: दानी हार्के कायम आमच्यासोबत. हार्के हा एस्पान्योल क्लबचा कॅप्टन, इनिएस्टाचा दोस्त. आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये हृदयविकारानं गेला होता. रेफरी हॉवर्ड वेब यांनी काय केलं? पिवळं कार्ड! नियम म्हणजे नियम. त्या फायनलमध्ये एकूण १४ पिवळी कार्डं निघाली. बाकीची तेरा खेळाडूंनी लाथा मारून किंवा वाद घालून कमावली, इनिएस्टानं मात्र मैत्रीखातर घेतलं.

आणि गोवेकरांनो, तुमचं या बनियनशी एक नातं आहे, माहीत आहे का? हार्केसोबत एस्पान्योलमध्ये खेळणारा एक स्ट्रायकर पुढे २०१७ मध्ये एफसी गोवात आला. फेरान कोरोमिनास, म्हणजे आपला कोरो! आल्या आल्या पहिल्या मोसमात १८ गोल, दुसऱ्यात १६, दोन्ही वर्षं आयएसएलचा टॉप स्कोअरर. फातोर्ड्यावर ज्याच्या नावानं घसे बसले, तो हार्केचा टीममेट होता.

आता एकाच शर्टाची जुगलबंदी. एप्रिल २०१७, माद्रिद. ९२ व्या मिनिटाला मेस्सीचा विजयी गोल, बार्सिलोनासाठी त्याचा ५०० वा. त्यानं जर्सी काढली आणि रेआल माद्रिदच्याच प्रेक्षकांसमोर धोबीघाटावर धरावी तशी उलगडून धरली. नाव वाचा, नंबर वाचा! पिवळं कार्ड. ऑगस्टमध्ये रोनाल्डो बार्सिलोनाच्या घरी गेला, गोल मारला आणि हुबेहूब तीच पोझ दिली. पिवळं कार्ड. इथपर्यंत बरोबरी. पण दोनच मिनिटांत पेनल्टीसाठी खोटं पडल्याबद्दल दुसरं पिवळं, म्हणजे लाल. रागात रेफरीला धक्का दिला आणि एकूण पाच सामन्यांची बंदी ओढवून घेतली. इतकी महाग पडलेली दुसरी कॉपी शोधून दाखवा.

पण शर्टपुराणातला माझा सर्वात आवडता हीरो वेगळाच. व्हिन्सेंट अबुबकर, कॅमेरूनचा कॅप्टन. २०२२ चा वर्ल्ड कप, समोर ब्राझील. इंज्युरी टाइमचं दुसरं मिनिट. अबुबकरच्या नावावर आधीच एक पिवळं कार्ड. क्रॉस आला, हेडर, गोल! वर्ल्ड कपमध्ये आफ्रिकेच्या एकाही संघानं तोवर ब्राझीलला हरवलं नव्हतं. अबुबकरनं एका झटक्यात जर्सी काढली आणि कॉर्नरकडे पळत सुटला. रेफरी इस्माईल एलफाथ हसत हसत आले. आधी त्याच्याशी हात मिळवला, डोक्यावर थोपटलं, मग पिवळं दाखवलं, मग लाल. अबुबकरही हसत हसत बाहेर! एवढ्या प्रेमानं कुणाला मैदानाबाहेर काढलेलं जगानं क्वचितच पाहिलं असेल. कॅमेरून त्या दिवशी जिंकूनही स्पर्धेबाहेर गेलं, पण हा फोटो राहिला.

बायकाही मागे नाहीत हं! १९९९, अमेरिकेतलं रोझ बाऊल स्टेडियम, ९०,१८५ प्रेक्षक. चीनविरुद्धच्या वर्ल्ड कप फायनलमध्ये ब्रँडी चॅस्टेननं निर्णायक पेनल्टी मारली आणि जर्सी काढून गुडघ्यांवर बसली. मुठी आवळलेल्या, अंगात काळी स्पोर्ट्स ब्रा. त्या फोटोवर जगभर चर्चा झडली. आज त्याच पोझमधला तिचा पुतळा स्टेडियमबाहेर उभा आहे. ज्या गोष्टीला आता कार्ड मिळतं, तिचा पुतळा!

२०२२ मध्ये वेम्बलीवर क्लोई केलीनं तेच केलं. युरो फायनल, जर्मनीविरुद्ध ११० व्या मिनिटाला विजयी गोल. गंमत बघा, आधी ती क्षणभर थबकली. ऑफसाइड तर नाही ना? खात्री झाली आणि मग शर्ट गरागरा! हे आहे नव्या जमान्याचं सेलिब्रेशन: आधी चेक, मग चेकाळणं.

कारण ऐका, शर्ट काढला, कार्ड मिळालं आणि मग व्हीएआरनं, म्हणजे व्हिडिओ रेफरीनं, गोलच रद्द केला, तर? कार्ड परत? छे! २०१९ पासून नियमात स्पष्ट लिहिलंय, गोल गेला तरी कार्ड राहतं. गोल नाही, शर्ट नाही, वर पिवळं कार्ड. याला म्हणतात तेलही गेलं, तूपही गेलं.

शर्टाचा विषय आणि मुंबई नाही, असं कसं होईल? लॉर्ड्सच्या बाल्कनीत गांगुलीनं फिरवलेला शर्ट सगळ्यांना आठवतो. पण त्याचं मूळ कुठे? आपल्या वानखेडेवर! ३ फेब्रुवारी २००२ ला इंग्लंडनं भारताला ५ धावांनी हरवलं आणि फ्लिंटॉफनं वानखेडेवर शर्ट काढून धाव घेतली. दादानं व्याज लावून परतफेड केली १३ जुलैला. ३२६ धावांचा पाठलाग, क्रीजवर कैफ आणि आपला श्रीरामपूरचा झहीर खान, आणि बाल्कनीत उघडा कर्णधार. क्रिकेटमध्ये पिवळं कार्ड नसतं, नशीब.

मास्क मॅन

कोविडमध्ये मास्क सक्तीचा होता, फुटबॉलमध्ये तो घातला की कार्ड. नेमारनं २०११ मध्ये काय केलं? सँटोसकडून कोलो-कोलोविरुद्ध झकास गोल मारला आणि तोंडावर मुखवटा चढवला. कुणाचा? स्वतःचाच! नेमारनं नेमारचा मुखवटा घातला. दुसरं पिवळं, बाहेर. चेहऱ्यावर स्वतःचाच चेहरा लावल्याबद्दल हाकललेला हा बहुधा एकमेव माणूस.

याउलट २००६ च्या वर्ल्ड कपमध्ये इक्वेडोरच्या इव्हान काव्हिएदेसनं कोस्टा रिकाविरुद्ध गोल मारून चड्डीतून पिवळा स्पायडरमॅन मुखवटा काढला तेव्हा लोक आधी हसले. मग कारण कळलं. त्याचा सहकारी ओतिलिनो तेनोरिओ गोलनंतर असेच मुखवटे घालायचा. वर्षभरापूर्वीच तो कार अपघातात गेला होता.

जरा जपून!

आता हळव्या नजरेच्या मंडळींनी एक परिच्छेद सोडून उडी मारावी. ५ डिसेंबर २००४, स्वित्झर्लंड. सर्व्हेट क्लबच्या पाउलो दिओगोनं पास दिला, सहकाऱ्यानं गोल मारला. दिओगो खुशीत कुंपणावर चढला. नवीनच लग्न झालेलं, बोटात अंगठी. ती अडकली जाळीत. दिओगोनं खाली उडी मारली. अंगठी वरच राहिली... बोटाच्या तुकड्यासकट. मैदानावरची माणसं जाळीपाशी बोट शोधू लागली. आणि रेफरीनं? वेळ वाया घालवल्याबद्दल पिवळं कार्ड दिलं! बोट काही पुन्हा जोडता आलं नाही. नियम क्रमांक ४ म्हणतो, कोणताही दागिना घालून खेळता येणार नाही. लग्नाची अंगठीही नाही. नवऱ्यांनो, घरी सांगायला ठोस कारण मिळालं.

अर्जेंटिनाच्या मार्तिन पालेर्मोची गोष्ट याहून विचित्र. नोव्हेंबर २००१, स्पेनमधला सामना. विलारेआलसाठी गोल मारून तो स्टँडच्या बुटक्या भिंतीपाशी चाहत्यांकडे गेला. चाहते पुढे झुकले, भिंत कोसळली, थेट त्याच्या पायावर. पाय मोडला आणि २००२ चा वर्ल्ड कप हुकला. भिंतीनं केलेला टॅकल! पण पठ्ठ्या २०१० मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, वर्ल्ड कपमध्ये उतरला आणि गोल मारूनच परतला. कुणाविरुद्ध? ग्रीस. हे नाव लक्षात ठेवा.

कोलांटउड्या मारणाऱ्यांत मेक्सिकोचा ह्यूगो सांचेझ बादशहा. माहीत आहे का, त्याला ही उडी कुणी शिकवली? बहिणीनं. ती जिम्नॅस्ट होती, १९७६ च्या माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये मेक्सिकोकडून उतरलेली. त्याच ऑलिंपिकमध्ये भाऊही फुटबॉल संघात होता.

पण हे घरच्या अंगणात करून पाहू नका. ऑक्टोबर २०१४ मध्ये मिझोरामच्या लीगमध्ये पीटर बियाकसांगझुआला या २३ वर्षांच्या खेळाडूनं बरोबरीचा गोल मारून अशीच उडी घेतली आणि तो मानेवर पडला. मणक्याला जबर इजा झाली. काही दिवसांनी तो गेला. घरच्यांनी त्याचे डोळे दान केले.

ग्रीसवर घसरगुंडी

ते नाव लक्षात आहे ना? १९९४ च्या वर्ल्ड कपमध्ये ग्रीस पहिल्यांदाच आलं. तीन सामने, दिलेले गोल १०, मारलेले शून्य. पण सेलिब्रेशनच्या इतिहासात त्यांचा वाटा सिंहाचा! फॉक्सबरोच्या मैदानावर मॅराडोनानं त्यांच्याविरुद्ध गोल मारला आणि डोळे वटारत, तोंड वासून थेट टीव्ही कॅमेऱ्यावर धावून गेला. तो त्याचा वर्ल्ड कपमधला शेवटचा गोल. पुढच्या सामन्यानंतर डोप टेस्टमध्ये सापडला आणि खेळ खल्लास.

नऊ दिवसांनी, त्याच मैदानावर, त्याच ग्रीसविरुद्ध नायजेरियाच्या फिनिडी जॉर्जनं गोल मारला. मग दोन हात, दोन गुडघे टेकून रांगत गेला आणि खांबापाशी कुत्रा करतो तसा एक पाय वर केला! ग्रीसनं काय पाप केलं होतं, देव जाणे.

त्याच वर्ल्ड कपमधलं गोड सेलिब्रेशन मात्र बेबेटोचं. ब्राझील विरुद्ध हॉलंड, क्वार्टर फायनल. दोन दिवसांपूर्वी त्याला मुलगा झाला होता. गोल मारून बेबेटोनं हातांचा पाळणा केला, शेजारी रोमारिओ आणि माझिन्यो येऊन उभे राहिले आणि तिघं मिळून जोजवू लागले. आता खरी गंमत ऐका. ते बाळ म्हणजे मात्तेउस, मोठेपणी स्वतः फुटबॉलपटू झालं. आणि शेजारी पाळणा हलवणाऱ्या माझिन्योच्या घरी तेव्हा दोन मुलं होती: थियागो आणि राफिन्या. एक पुढे स्पेनकडून खेळला, दुसरा ब्राझीलकडून. म्हणजे पाळणा बेबेटोचा, पण टीम माझिन्योची भारी निघाली!

आपल्याकडचा पाळणा? जून २०२३, भुवनेश्वर. वनुआतूविरुद्ध ८१ व्या मिनिटाला सुनील छेत्रीनं एकुलता एक गोल मारला, चेंडू जर्सीत पोटाशी कोंबला आणि स्टँडमधल्या बायकोकडे बघून फ्लाइंग किस दिला. घरात पाहुणा येणार, ही बातमी देशाला अशी कळली. कार्ड? नाही. शर्टात काय घालावं यावर बंदी नाही, शर्ट अंगात असला म्हणजे झालं.

टोमणा मारायचाय? मैदानात मारा!

इंग्लंडचा पॉल गॅस्कॉइन. युरो ९६ च्या आधी संघ हाँगकाँगला गेला होता. तिथल्या क्लबमध्ये खेळाडू डेंटिस्टच्या खुर्चीत बसलेत आणि वरून तोंडात दारू ओतली जातेय, असले फोटो पेपरांत छापून आले. देशभर शिव्या. मग स्कॉटलंडविरुद्ध गॅस्कॉइननं अफलातून गोल मारला, गवतावर आडवा झाला, आ वासला आणि सहकाऱ्यांनी बाटलीतलं पाणी तोंडात सोडलं. पेपरवाल्यांना उत्तर, तेही अभिनयासह.

हल सिटीचे कोच फिल ब्राऊन यांनी २००८ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मैदानावर हाफ टाइमला अख्ख्या संघाला ड्रेसिंग रूममध्ये न नेता मैदानातच, प्रेक्षकांसमोर बसवून झापलं होतं. वर्षभरानं त्याच मैदानावर हलच्या जिमी बुलार्डनं गोल मारला. लगेच सगळे खेळाडू शाळेतल्यासारखे मांडी घालून बसले आणि बुलार्ड मास्तर एकेकाकडे बोट दाखवत ओरडू लागला. कोचसाहेब बाजूलाच उभे होते. हसण्यावाचून पर्याय काय!

एव्हर्टनचे कोच डेव्हिड मॉईस २०१२ मध्ये सामन्याआधी म्हणाले होते की खोटं पडणाऱ्या खेळाडूंमुळे प्रेक्षक वैतागतात. रोख लिव्हरपूलच्या लुईस सुआरेझकडे. सामन्यात गोल होताच सुआरेझ पळत मॉईससमोर गेला आणि पोटावर धाडकन झोकून दिलं. लाजवाब! फक्त एक अडचण. तो गोल नंतर सुआरेझच्या नाही, एव्हर्टनच्याच लेटन बेन्सच्या नावावर, स्वयंगोल म्हणून नोंदला गेला. वरात आपली, नवरदेव दुसराच!

लिव्हरपूलच्या रॉबी फाऊलरचा मात्र टोमणा अंगलट आला. तो ड्रग्ज घेतो अशी अफवा एव्हर्टनचे चाहते उडवायचे. १९९९ मध्ये त्यांच्याविरुद्ध गोल मारून तो गोलजवळच्या पांढऱ्या रेषेवर ओणवा झाला आणि ती नाकानं ओढल्याचा अभिनय केला. चार सामन्यांची बंदी! पण खरा पुरस्कार मॅनेजर जेरार हुलिए यांना. त्यांचा खुलासा: छे हो, तो गवत खात होता, कॅमेरूनी पद्धत आहे, संघातल्या रिगोबेर साँगनं शिकवलीय! इतक्या सरळ चेहऱ्यानं मारलेली थाप फुटबॉलनं पुन्हा पाहिली नाही.

चड्डीचा हिशेब

युरो २०१२. डेन्मार्कच्या निकलस बेंटनरनं पोर्तुगालविरुद्ध गोल मारला, शर्ट वर, चड्डी जराशी खाली आणि दिसली एका बेटिंग कंपनीचं नाव असलेली हिरवी अंडरवेअर. दंड? एक लाख युरो आणि एका सामन्याची बंदी. आता हे शेजारी ठेवून बघा. त्याच स्पर्धेत चाहत्यांच्या वर्णद्वेषी वागण्यासह इतर गोंधळाबद्दल क्रोएशियाच्या महासंघाला दंड झाला ८० हजार युरो. म्हणजे यूएफाच्या, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या, तराजूत अंडरवेअर जड! दंड त्या कंपनीनंच भरला म्हणे. एवढ्या स्वस्तात एवढी जाहिरात कुणाला मिळते?

हाताचे इशारेही महाग. २०१८ मध्ये सर्बियाविरुद्ध स्वित्झर्लंडच्या झाका आणि शकिरी यांनी दोन हात जोडून अल्बेनियाचा दुतोंडी गरुड केला. प्रत्येकी १० हजार स्विस फ्रँक. २०२४ च्या युरोत तुर्कीच्या मेरिह देमिराल यानं तुर्की अतिराष्ट्रवाद्यांची 'लांडगा' खूण केली, दोन सामन्यांची बंदी आणि क्वार्टर फायनल टीव्हीवर. प्राणी पाळायचे तर घरी.

आनंद पोटात माइना? मावतो की!

काही जण गोल मारतात आणि चेहऱ्यावरची सुरकुती हलत नाही. डेनिस लॉ, १९७४. आयुष्याची सोनेरी वर्षं मँचेस्टर युनायटेडमध्ये, शेवटी सिटीत. युनायटेडच्या मैदानावर त्याच्या बॅकहीलनं गोल झाला आणि तो मान खाली घालून निघून गेला. या गोलनं युनायटेडची दुसऱ्या डिव्हिजनमध्ये हकालपट्टी झाली, असं आजही सांगतात. खोटं! त्या दिवशीच्या इतर निकालांमुळे युनायटेड तसंही खाली जाणारच होतं.

गोलकीपर अस्मिर बेगोविचनं २०१३ मध्ये आपल्या गोलपासून मारलेली लांब किक टप्पा घेऊन समोरच्या गोलकीपरच्या डोक्यावरून आत. सामना सुरू होऊन १३ सेकंद झालेले, अंतर ९१.९ मीटर, थेट गिनेस बुकात! आणि सेलिब्रेशन शून्य. का? समोरच्या कीपरची दया आली. कीपरचं दुःख कीपर जाणे. हा विक्रम २०२१ मध्ये टॉम किंग या दुसऱ्या कीपरनं मोडला, ९६.०१ मीटर.

बोला, नियम काय सांगतो?

सब्स्टिट्यूट आधीच मैदानात घुसले तर? २०२२ च्या वर्ल्ड कपची फायनल. मेस्सीनं मारलेला संघाचा तिसरा गोल रेषा ओलांडतोय आणि अर्जेंटिनाचे राखीव खेळाडू आधीच आनंदानं मैदानात. फ्रान्सच्या 'लेकीप' दैनिकानं आरोळी ठोकली, गोल रद्द व्हायला हवा होता! रेफरी शिमोन मार्चिनियाक यांनी पत्रकार परिषदेत शांतपणे खिशातून मोबाइल काढला. फोटो दाखवला. एम्बाप्पेच्या गोलच्या वेळी फ्रान्सचे सात जादा लोक मैदानात! विषय बंद. पुढच्याच वर्षी नियमही सुधारला: जादा माणसानं खेळात लुडबुड केली, तरच गोलला धोका.

सेलिब्रेशनमध्ये गेलेला वेळ कुठे जातो? कुठेच नाही, शेवटी जोडला जातो. नियम ७ मध्ये वाया गेलेल्या वेळेच्या यादीत दुखापत आणि बदलीच्या जोडीला 'गोलचं सेलिब्रेशन' स्पष्ट लिहिलंय. कतारच्या त्याच वर्ल्ड कपमध्ये रेफरींनी हे मनावर घेतलं आणि इंग्लंड-इराण सामना जवळपास दोन तासांच्या घरात गेला. त्यात इराणच्या कीपरची दुखापतही आली, पण आठ गोल झाले की नाचही आठ!

आणि आता चहाच्या टपरीवरचा बाप प्रश्न. सगळा संघ मैदानाबाहेर नाचतोय. समोरच्यांनी पटकन किक-ऑफ करून रिकाम्या गोलमध्ये चेंडू टाकला तर? म्हणून एक जण मैदानात ठेवायचाच, असं सांगणारे तज्ज्ञ तुमच्याही ग्रुपमध्ये असतील. त्यांना सांगा, रेफरीनं इशारा केल्याशिवाय किक-ऑफ होतच नाही, आणि तो घेताना दोन्ही संघ आपापल्या अर्ध्यात हवेत. २०१८ मध्ये पनामानं इंग्लंडविरुद्ध हा जुगाड करून पाहिला. इंग्लिश खेळाडू कोपऱ्यात मिठ्या मारतायत, पनामावाले चेंडू घेऊन सुटले. रेफरी ढिम्म!

तसं पनामाचं त्या दिवशी सगळंच औरच. ०-६ नं मागे असताना ७८ व्या मिनिटाला फेलिपे बालोयनं वर्ल्ड कपमधला देशाचा पहिलावहिला गोल मारला आणि पनामाचे चाहते रडले, नाचले, एकमेकांच्या गळ्यात पडले. इंग्लंडवाले बघतच राहिले, नक्की जिंकतंय कोण?

आपणही हा आनंद चाखलाय, पण जेमतेम एक मिनिट! ९ ऑक्टोबर २०१७, दिल्ली, अंडर-१७ वर्ल्ड कप. ८२ व्या मिनिटाला जॅक्सन सिंगनं कोलंबियाविरुद्ध हेडर मारला. फिफाच्या वर्ल्ड कपमध्ये भारताचा पहिला गोल! स्टेडियम डोक्यावर घेतलं. ८३ व्या मिनिटाला कोलंबियाचा गोल. नाचून खाली बसेपर्यंत १-२. त्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता.

कोल्हापूरचं नाव आलंच आहे तर शेवटचा प्रश्न तिथल्या पेठांकडून. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ भिडलेत, गोल झाला आणि प्रेक्षकानं शर्ट काढून फिरवला, तर कार्ड कुणाला? कुणालाच नाही! कार्ड फक्त खेळाडू, राखीव आणि संघाच्या डगआऊटमधल्या मंडळींना. पायऱ्यांवर बसलेल्यांना नियम १२ लागू नाही. फिरवा बिनधास्त, पण घरी जाताना शर्ट आपलाच आहे ना, तेवढं बघा.